खाली ठेव, मी उचलतो

१९ ऑगस्ट १८५८

पोचलो एकदाचे! गाडीत बसून बसून कंबरडं मोडायची वेळ आली होती, पण घर पाहिलं आणि सगळा शीण पळाला. उपासनेच्या सभाघराच्या भिंतीला लागूनच आमचं घर. दगडी, खाली चूल आणि दोन खोल्या, वर माळा. भाडं नाही. सभाघर झाडायचं, थंडीत शेगडी पेटवायची आणि कुणी गेलं की जोस्तने कबर खोदायची, एवढ्याच बोलीवर काळओढ्याच्या मंडळीने आम्हाला ठेवून घेतलंय. इतके दिवस जोस्तच्या भावांच्या घरात एका खोलीत अंग चोरून राहिल्यावर मला हा राजवाडाच वाटला. लेना चार महिन्यांची आहे. तिलाही आता रडायला ऐसपैस जागा मिळाली.

सामान उतरवायच्या आधीच मी सगळीकडे फिरून आले. जोस्त म्हणाला, बाईसाहेबांची पाहणी झाली असेल तर भांड्यांकडे बघा जरा. सभाघराला बायकांचं दार वेगळं, पुरुषांचं वेगळं, आमच्या गावी होतं तसंच. समोर ओढा, मागे चढावर दफनभूमी. कबरी घराण्याप्रमाणे नाहीत, जो ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने रांगेत. दगडावर नुसती आद्याक्षरं. नवरा एका रांगेत, बायको कुठल्या कुठे. मी जोस्तला म्हटलं, बरंय, मेल्यावर तरी तुझ्या घोरण्यातून सुटका.

एक गोष्ट मात्र विचित्र वाटली. दफनभूमीची भिंत सगळीकडे सरळ आहे, पण आमच्या घराच्या बाजूला एका जागी ती पोट सुटल्यासारखी बाहेर आलीय. त्या पोटात एकच उंचवटा, तोही बिनदगडाचा. जोस्तच्या मते गवंड्याने त्या दिवशी सफरचंदाची दारू जरा जास्तच घेतली असावी.

बायकांच्या दाराशी खुंटीला एक टोपली टांगलेली होती. जुनी, पण वीण घट्ट, बूड रुंद, कडीला लांबच लांब दोर गुंडाळलेला. धूळ इतकी की मूळ रंग कळेना. कुणाचीच नसावी. दोर सोडून जोस्तला विहिरीसाठी दिला, टोपली धुतली, वाळवली आणि लेनाला तिच्यात निजवलं. माप घेऊन विणल्यासारखी झाली तिला.

२९ ऑगस्ट, रविवार

पहिली उपासना. बायकांनी शांतीचं चुंबन देऊन जवळ घेतलं, कुणी लोणी आणलं होतं, कुणी लेनासाठी मोजे. शेजारच्या उर्शेलमावशी तर मला बघताक्षणीच आवडल्या. साठीला टेकलेल्या, विधवा, आणि जीभ माझ्याहून तिखट. म्हणाल्या, ‘‘इथलं गाणं ऐकलंस ना? एक कडवं संपेपर्यंत पीठ फुगून पाव भाजून होतो. भूक लागली तर सांग हो.’’

मी टोपली घेऊन आत आले तेव्हा मात्र सगळ्या एकदम गप्प झाल्या. एकीने तर तोंड फिरवलं. मला वाटलं, टोपलीत लहान मुलीला निजवणं इथे शिष्टाचाराला धरून नसेल. प्रत्येक मंडळीच्या हजार तऱ्हा असतात.

लेना मध्येच रडली तर पटकन उठता यावं म्हणून मी शेवटच्या बाकावर बसले. तिथे भिंतीकडेला एक बाई एकटीच होती. तरुण, पांढरी टोपी नीट बांधलेली, पण झग्याची कड गुडघ्यापर्यंत ओली. ओढा ओलांडून आली असणार बिचारी. लांबलचक उपदेश चालू असताना तिने माझ्यापुढे हात केला. तळव्यावर वाळवलेली सफरचंदाची फोड. मी घेतली आणि खाल्ली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला अवघडल्यासारखं झालं. एका फोडीसाठी कुणी इतकं उपकृत होतं का? आणि फोड तर तिनेच दिली होती.

उपासना सुटल्यावर ती दिसली नाही. उर्शेलमावशींना नाव विचारलं. त्या म्हणाल्या, मागच्या बाकावर कुणी बसत नाही. आणि चेष्टा न करता निघून गेल्या.

१२ सप्टेंबर, रविवार

ती आजही होती. कड आजही ओली, आणि पाऊस तर पंधरवड्यात नाही. पुन्हा हात पुढे केला. मी घेतली फोड, नाही कशी म्हणायची? तिची बोटं लागली. ओढ्यातल्या दगडासारखी गार.

मान वर केली तर पुरुषांच्या बाजूने सेवक बेनेडिक्ट माझ्याकडे बघत होते. मंडळीतल्या गोरगरिबांची सोय बघणारे हे म्हातारबाबा, सत्तरीचे, मऊ बोलणारे. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की टोपली खुंटीवर परत टांग. का, ते सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर

आज उर्शेलमावशींकडे सफरचंदं चिरायला गेले होते. मी पिच्छाच पुरवला, तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. ऐकलं तसं लिहून ठेवते.

तिचं नाव फ्रोनी. मावशी अगदी पोरवयात होत्या तेव्हाची गोष्ट. एका कोठाराची उभारणी चालू असताना तुळई निसटली आणि फ्रोनीचा नवरा गेला. दोर कुणी तरी नीट बांधला नव्हता. प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी शांतीची विचारणा झाली. सेवक बाकाबाकावरून फिरतो, प्रत्येकाला विचारतो, देवाशी आणि माणसांशी तुझी शांती आहे ना? एकाने जरी नाही म्हटलं तरी कुणालाच भाकर मिळत नाही. फ्रोनी नाही म्हणाली. पुढच्या वेळी पुन्हा नाही. मंडळी उपाशी राहून कंटाळली. शेवटी तिला वाळीत टाकलं, म्हणजे बाकीच्यांना जेवता यावं.

आमच्या गावी वाळीत टाकलेल्याला फक्त प्रभुभोजन मिळत नाही. इथला नियम कडक. त्याच्याबरोबर एका मेजावर बसायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. त्याने वस्तू खाली ठेवायची, मग आपण उचलायची. आणि जो हातून घेईल त्यालाही तीच शिक्षा.

त्या वसंतात बर्फ वितळलं आणि ओढा फुगला. फ्रोनीचं घर आमच्या या घराच्याच जोत्यावर होतं. ती तान्ह्या पोराला घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून दफनभूमीच्या भिंतीपर्यंत आली. भिंत चढावर, वर पुरुष उभे. तिने पोराला दोन्ही हातांनी वर धरलं. सगळ्यात जवळ होते बेनेडिक्ट, तेव्हा ऐन पंचविशीतले. वाकले असते तर हाताला हात लागत होता. त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि म्हणाले, ‘‘खाली ठेव, फ्रोनी. मी उचलतो.’’

खाली पाणी होतं.

मग कुणाला तरी सुचलं, टोपली सोडू, पोराला टोपलीत ठेवलं की नियमही मोडत नाही. टोपली आणायला मावशींना पळवलं. ‘‘जीव खाऊन पळाले गं मी. दोर बांधून आणली. आले तर पाण्यात कुणी नव्हतं. मग ती टोपली घरी नेववेना. दिसली ती खुंटी आणि टांगली.’’

पोर निष्पाप म्हणून रांगेत पुरलं. फ्रोनीला भिंतीबाहेर. पुढे लोकांचा जीव हळहळला, तेव्हा त्यांनी भिंत वाकवून तिला आत घेतलं. पण शिक्षा उठवता येईना, कारण ती उठवायला गुन्हेगाराला स्वतः माफी मागावी लागते. म्हणजे ती आत आली ती वाळीत टाकलेलीच. भिंत पुरी झाली त्या रविवारपासून ती मागच्या बाकावर बसते.

मी विचारलं, सगळ्यांना दिसते? मावशी म्हणाल्या, ‘‘दिसते की. आम्ही बघत नाही.’’ आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, ‘‘तू तिच्या हातचं खाल्लंस, पोरी. चुकले म्हण आणि मोकळी हो. लवकर.’’

२६ सप्टेंबर, रविवार

पुढे बसले, बायकांच्या मधोमध. मागे वळायचंच नाही असं ठरवलं होतं. तरी मानेला गारवा लागत राहिला. निघताना पाहिलं तर माझ्या मागच्या बाकाखाली पाण्याचं थारोळं होतं. शेजारणींनी झगे उचलून ते ओलांडलं, बोलणं न थांबवता.

टोपली मी खुंटीवर टांगली होती. घरी आले तर लेनाच्या पाळण्याशेजारी. बूड ओलं. मला भीती वाटते आहे, हे लिहून टाकते.

जोस्त म्हणतो, एवढं काय त्यात, दोन शब्द तर बोलायचेत, छप्पर गेलं तर थंडीत लेनाला घेऊन कुठे जायचं? त्याचं बरोबर आहे. बोलेन मी.

१० ऑक्टोबर, रविवार

शांतीची विचारणा.

बेनेडिक्ट बाकाबाकावरून येत होते. आहे, आहे, आहे, असं बायका पुटपुटत होत्या. मी मनात घोकत होते, माझी शांती आहे, फोड घेतली ती चूक झाली. खरंच घोकत होते. ते माझ्यापुढे वाकले, विचारलं. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. चांगले थोराड हात आहेत. लांब.

मी म्हणाले, नाही.

आणि मागून, भिंतीकडून, बाईच्या आवाजात आणखी एकदा ‘नाही’ आलं. सगळ्या सभाघराने ऐकलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्रभुभोजन झालं नाही.

२ नोव्हेंबर

उपदेशक आणि बेनेडिक्ट घरी आले होते. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं, तोंड आहे माझ्याकडे. ते मेजाशी बसून रडले माझ्यासाठी. चुकले म्हण, मुली, एवढंच म्हण. मी तोंड उघडलं. चुकले म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते असं की, पोर तुमच्या हाताच्या अंतरावर होतं.

हे शब्द मी जुळवले नव्हते. आवाजही नीट माझा वाटला नाही.

२१ नोव्हेंबर, रविवार

टाकलं वाळीत.

जोस्तने खिडकीशी छोटं मेज मांडलंय माझ्यासाठी. मी कोबी वाढून ताट खाली ठेवते, तो उचलतो. आधी वाटलं, लोकांसमोर करतोय. घरात कुणी नसतानाही करतो. डोळे सुजलेत त्याचे. म्हणतो, सालोमे, मीही टाकला गेलो तर लेनाला कोण बघेल?

संध्याकाळी लेना रडत होती. मी तिला त्याच्याकडे दिली, नेहमी देते तशी. त्याने हात पाठीमागे घेतले.

म्हणाला, टोपलीत ठेव. मी उचलतो.

१९ डिसेंबर

उपासनेला जाते, कारण थंडीत एकटी घरी बसवत नाही. जागा मागच्या बाकावर. ती शेजारी असते. आता ती फोड देत नाही. तिच्या हातात गुंडाळी असते, ओल्या शालीची. माझ्याकडे करते. मी घेत नाही. मीही हात पाठीमागे घेते. बाकीच्यांसारखे.

उर्शेलमावशी कुंपणावर पाव ठेवून जातात. मी आत गेल्यावर ठेवतात. आज त्यांनी लांबून हात हलवला, मग आजूबाजूला पाहून हात खाली घेतला.

३० जानेवारी १८५९

टोपली मी जाळली. चुलीत घालून. जळेपर्यंत उभी राहिले. काटक्यांतून पाणी सुटत होतं.

सकाळी खुंटीवर होती. दोरासकट.

२० फेब्रुवारी

शाल उघडी होती आज. आत काही नव्हतं. नुसतं पाणी, शालीत थांबलेलं. तरी ती ते डोलवत होती.

लेना तिच्याकडे बघून हसते. लेनाला अजून शिकवलेलं नाही, कुणाकडे बघायचं नाही ते.

६ मार्च

ऊन कडक. बर्फ सुटतंय. दिवसभर ओढ्यातून कडाकड आवाज. मी जोस्तला म्हटलं, वर गावात जाऊ. तो म्हणाला, आपल्याला घरात घेणार कोण? मला घेतील. लेनाला घेतील.

८ मार्च

जोस्त पहाटे गिरणीवर गेला. दुपारपर्यंत येईल.

ओढा रंगाने काळा आणि अंगणाच्या कडेला. कोंबड्या झाडावर.

दारात ओल्या पावलांचे ठसे. आत येणारे. बाहेर जाणारे नाहीत.

८ मार्च, दुपार

माळ्यावर आहोत. लेना माझ्या झग्यात गुंडाळलेली, कोरडी आहे. ऊब आहे तिच्यात. लिहिलं पाहिजे. कुणाला तरी कळलं पाहिजे.

पाणी चुलीत आलं तेव्हा मी तिला घेऊन बाहेर पडले. कमरेएवढं होतं. कुंपण धरत धरत भिंतीपर्यंत गेले, जिथे ती पोटासारखी बाहेर आलीय तिथपर्यंत. वर सगळे होते. वरच्या रस्त्याने आले होते. बेनेडिक्ट होते, गुडघ्यांवर बसलेले. आणि जोस्त. माझा जोस्त, भिंतीवर पालथा पडलेला, हात खाली सोडून.

मी लेनाला वर धरलं. दोन्ही हातांनी. त्याची बोटं तिच्या टोपीला लागली, मी पाहिलं. लागली.

मग त्याने बेनेडिक्टकडे पाहिलं.

म्हातारा रडत होता. नाही म्हणाला नाही. घे पण म्हणाला नाही. जोस्तचे हात परत वर गेले. जोस्त ओरडला, सालोमे, टोपली कुठाय? टोपलीत ठेव, मी ओढून घेतो! उर्शेलमावशी किंचाळल्या, ‘‘घे रे मेल्या, घे तिला!’’ आणि मग, या वयात, त्याच पळाल्या. मी आणते, मी आणते म्हणत. सभाघराच्या दाराकडे. तिथे तर छातीएवढं —

पाय सुटले माझे. कुंपण हाताला लागलं म्हणून परत आले. लेना वरच होती. पाणी लागू दिलं नाही.

जिन्याची खालची पायरी दिसत नाही.

ती जिन्यात आहे. टोपी नीट बांधलेली. एकेक पायरी, पाण्याबरोबर. मी किंचाळले नाही. आता माझ्याशी बोलणारं दुसरं आहे कोण?

मी म्हटलं, मी तुझं घेतलं नाही, फ्रोनी. शेवटी शेवटी मी पण घेतलं नाही.

तिच्याजवळ शाल नाही आज. हात रिकामे आहेत. पहिल्यांदाच रिकामे —

बाहेर जोस्त हाका मारतोय. टोपली मिळाली, टोपली मिळाली म्हणतोय. दोर सोडतोय म्हणतोय. खिडकीतून पाहिलं. टोपली पाण्यावर आहे, लांब, गरगर फिरतेय, आणि सगळे तिच्याकडे बघतायत. माझ्याकडे कुणी बघत नाही.

पाणी फळ्यांतून वर —

तिने दोन्ही हात पुढे केलेत. लेना तिच्याकडे झेपावतेय, हसतेय. देवा, क्षमा कर. माझ्या हातून घ्यायला सबंध मंडळीत हीच एक —

लेखणी खाली ठेवते. लेनाला नाही. लेनाला हातातून हाता